पीएफ, ईएसआयसी, टीडीएस, जीएसटी सगळंच थकलंय. हातात ७ लाख. आधी काय भरावं?

वाळूज_हिशेबनीस | १० सप्टेंबर २०२५, रात्री ९.१०

भागीदारी फर्म, वाळूज एमआयडीसी, मशीनिंगचं काम, ३४ कामगार, उलाढाल दीड ते पाच कोटींच्या मधली. आजची थकबाकी अशी:

पीएफ: मार्च ते जुलै, ५ महिने. पगारातून कापलाय, भरलेला नाही. पीएफचा पगार सरासरी १५,००० धरून महिन्याला १,२७,५००, म्हणजे ६,३७,५००.
ईएसआयसी (कामगार राज्य विमा): तेच ५ महिने, २४,४८० प्रमाणे १,२२,४००.
टीडीएस: ठेकेदार आणि भाड्याचा, एप्रिल-मे-जून दरमहा ३२,००० कापलेले, एकूण ९६,०००. पहिल्या तिमाहीचं विवरणपत्रही राहिलंय.
जीएसटी: मे, जून, जुलैच्या ३बी (कर भरायची मासिक विवरणपत्रं) राहिल्या. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट वजा जाऊन रोख १,१०,०००, १,२५,००० आणि १,१५,०००. मेची जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) भरलेली आहे.
जुनी मागणी: २०१९-२० ची, जीएसटी कायद्याच्या कलम ७३ खाली. डीआरसी-०७ (मागणीचा आदेश) ऑगस्ट २०२४ चा आहे, तो कोणी पाहिलाच नाही. कर १,४८,०००, व्याज १,१६,०००, दंड २०,०००, मिळून २,८४,०००. यावरून बँकेला डीआरसी-१३ (खात्यातून वसुलीची नोटीस) गेला आणि चालू खातं डेबिट फ्रीज झालं, पैसे काढता येत नाहीत. खात्यात १ लाख ९० हजार आहेत.

भागीदार रविवारपर्यंत स्वतःकडून ७ लाख आणताहेत. ग्राहक कंपनीकडे साडेपाच लाखांचं बिल अडकलंय. जूनची बिलं त्यांच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या क्रेडिटचा पोर्टलवरचा तक्ता) दिसत नाहीत आणि पीएफच्या चलनाची प्रत नाही, ही दोन कारणं त्यांनी दिली. माल पाठवायला लागणारं ई-वे बिलही निघत नाही.

प्रश्न दोन. या ७ लाखांत आधी काय भरायचं? आणि एका भागीदाराची पैठण तालुक्यात शेती आहे, त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो का? हाच भागीदार दिवाळीनंतर फर्ममधून बाहेर पडायचं म्हणतोय.

---

लातूरचा_पीएफवाला | १० सप्टेंबर, रात्री १०.२५

जुन्या पाच महिन्यांचं नंतर बघू. आधी ऑगस्टचा पीएफ आणि ईएसआयसी १५ सप्टेंबरच्या आत भरा, म्हणजे येत्या सोमवारपर्यंत. तुमच्या यादीत ऑगस्ट नाही, आणि सगळ्यात महाग तोच पडेल.

कारण आयकरात आहे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा पीएफ कायद्याच्या तारखेला भरला नाही, तर आयकर कायदा १९६१ च्या कलम ३६(१)(व्हीए) प्रमाणे तो मालकाचं उत्पन्न धरला जातो, आणि पुढे कधीही भरला तरी वजावट परत मिळत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात यावर शिक्कामोर्तब केलंय. आता तुमचे आकडे घ्या. कामगारांचा हिस्सा महिन्याला ६१,२००, पाच महिन्यांचे ३,०६,०००. फर्मला कर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. नफा असेल तर ९५,४७२ रुपये जादा आयकर, दोन आर्थिक वर्षांत विभागून.

त्याच्याशेजारी पीएफचं व्याज आणि नुकसानभरपाई ठेवून बघा. २० सप्टेंबरला भरलं असं धरतो. पीएफ कायद्याच्या कलम ७क्यूचं व्याज वर्षाला १२ टक्के, दिवसांवर: १५८, १२८, ९७, ६७ आणि ३६ दिवस, मिळून साधारण २०,४००. कलम १४बी ची नुकसानभरपाई जून २०२४ पासून सरसकट महिन्याला १ टक्का आहे, महिन्याचा भागसुद्धा पूर्ण महिना: ६+५+४+३+२ म्हणजे २० महिने, २५,५००. दोन्ही मिळून ४५,९००. आयकराचा फटका याच्या दुप्पट आहे आणि पाचही महिन्यांचा तो बसून गेलाय. ऑगस्टचा अजून बसलेला नाही, १९ हजारांच्या वर वाचतात. म्हणून जुना महिना भरण्याच्या नादात चालू महिना चुकवू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आणि मग दर महिना शिळाच होत जातो.

मालकाच्या हिश्शाचं वेगळं आहे. तो आयकराच्या कलम ४३बी मध्ये येतो, आयकर विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला तर त्याच वर्षी वजावट मिळते. त्यामुळे जुन्या महिन्यांत मार्चचा नंबर पहिला, कारण तो २०२४-२५ चा.

भरताना एक महिना पूर्ण भरा, मग पुढचा. ईसीआर (पीएफचं मासिक विवरण) चढवून टीआरआरएन (चलनाचा क्रमांक) काढून ठेवला म्हणजे भरणा झाला असं समजू नका. ग्राहक कंपनी ‘पेमेंट कन्फर्म्ड’ असलेली प्रत मागते. चलनातली खाती ताळून बघा: खातं १ मध्ये भविष्य निर्वाह निधी, २ मध्ये प्रशासन शुल्क ०.५ टक्के, १० मध्ये पेन्शन, २१ मध्ये विमा ०.५ टक्के. ७क्यू आणि १४बी चं चलन वेगळं निघतं, ते ईसीआरमध्ये घुसडू नका. त्याची नोटीस नंतर येते, सहा महिन्यांनीही येते, तोवर पैसे बाजूला ठेवा.

माझ्या मते ऑगस्टनंतरही पहिला पैसा पीएफलाच जावा. जीएसटी हा धंद्यावरचा कर झाला. हा कामगाराच्या पगारातून काढून घेतलेला पैसा आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये तो न भरणं म्हणजे विश्वासघाताचा गुन्हा. पीएफ कायद्यात कलम १४(१ए) वेगळंच. वसुली अधिकारी ८बी ते ८जी खाली बँक खातं, येणी, मशिनरी, सगळ्याला हात घालू शकतो, अटकेपर्यंत अधिकार आहेत. कलम ११ प्रमाणे मालमत्तेवर पहिला हक्कही पीएफचाच.

---

रिटर्नवाली_ताई | ११ सप्टेंबर, सकाळी ८.४०

ऑगस्टच्या पीएफबद्दल लातूरच्या दादांशी सहमत. त्यानंतरच्या क्रमाबद्दल नाही. इथे साडेपाच लाखांची गाठ जीएसटीने मारलीय. ती सुटल्याशिवाय पीएफचे सहा लाख येणार कुठून?

साखळी अशी आहे. मेची ३बी भरली नाही म्हणून नियम ५९(६) ने जूनची जीएसटीआर-१ बंद. ती बंद म्हणून ग्राहकाच्या २बी मध्ये तुमची बिलं नाहीत. बिलं नाहीत म्हणून त्याला क्रेडिट नाही, म्हणून पेमेंट नाही. त्यात सलग दोन महिन्यांच्या ३बी राहिल्या की नियम १३८ई ने ई-वे बिल बंद. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या आतला माल बिनई-वेचा जातो, पण तुमच्या कामात तेवढ्यावर किती दिवस निघतील? दिलासा एवढाच, की ही बंदी आता फक्त तुम्ही पाठवायच्या मालावर आहे. तुमच्याकडे येणाऱ्या मालाचं ई-वे बिल पुरवठादार काढू शकतो.

मेची ३बी भरा, मग जूनची जीएसटीआर-१, मग जूनची ३बी. दोन ३बी गेल्या की फक्त जुलै उरतो आणि ई-वे आपोआप सुटतं. दुसऱ्या दिवसापर्यंत नाही सुटलं तर ई-वे पोर्टलवर ‘अपडेट ब्लॉक स्टेटस’ करून बघा. मग जुलै त्याच क्रमाने.

३बी अर्धी भरता येत नाही. रोख लेजरमध्ये (पोर्टलवरचं रोख खातं) पूर्ण रक्कम असल्याशिवाय पोर्टल पुढे जाऊ देत नाही. व्याज १८ टक्के, फक्त रोखीच्या भागावर: २० तारखेपर्यंत मेचे ९२ दिवस, जूनचे ६२, जुलैचे ३१, मिळून साडेदहा हजारांच्या आसपास. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये. तुमच्या उलाढालीला एका विवरणपत्रामागे कमाल ५,०००. मेचं व्याज आणि शुल्क जूनच्या ३बी मध्ये, जूनचं जुलैच्या, असं पुढे सरकत दिसतं. त्यामुळे पहिली भरताना रक्कम कमी दिसली म्हणून खूश होऊ नका.

आता एक सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच: ‘सध्या शून्याची ३बी टाका, ई-वे सुटेल, बाकी नंतर बघू.’ हे अजिबात करू नका. जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला आणि ३बी मध्ये न भरलेला कर कलम ७५(१२) मध्ये स्वतः कबूल केलेला कर धरला जातो. डीआरसी-०१बी (फरकाची सूचना) येतो, ७ दिवस मिळतात, त्यानंतर कारणे दाखवा नोटीस न काढता थेट कलम ७९ ची वसुली. वर असल्या रकमेला कलम ८० चे हप्तेही नाहीत.

पैसे भागीदाराच्या बचत खात्यातून द्यायला हरकत नाही. जीएसटीचं पीएमटी-०६ चलन एनईएफटी किंवा आरटीजीएसने निवडा, चलन १५ दिवस चालतं. फर्मच्या फ्रीज खात्यात ७ लाख टाकू नका म्हणजे झालं. वहीत भागीदाराचं भांडवल म्हणून नोंद घ्या.

---

वाळूज_हिशेबनीस | ११ सप्टेंबर, सकाळी १०.०५

ताई, जुन्या २,८४,००० चं काय करायचं? अपील जमेल का? आणि ग्राहकाचे साडेपाच लाख आले तर त्याच फ्रीज खात्यात येणार ना?

---

रिटर्नवाली_ताई | ११ सप्टेंबर, सकाळी ११.३०

अपिलाचे ३ महिने आणि वर माफीचा १ महिना, दोन्ही २०२४ मध्येच संपले. व्याज-दंड माफीची कलम १२८ए ची सवलत २०१७-१८ ते २०१९-२० साठी होती, पण तिची भरण्याची मुदत ३१ मार्च २०२५ होती. ती दारं बंद.

साडेपाच लाखांबद्दल तुमची शंका बरोबर आहे, आणि क्रम ठरवताना हेच विसरलं जातं. डीआरसी-१३ लागू असेपर्यंत त्या खात्यात जे येईल त्यातून मागणीची रक्कम बँकेला आधी सरकारला द्यावी लागते. दुसरं खातं उघडून पैसे तिकडे वळवण्याचा मोह होईल. पण तशीच नोटीस ग्राहक कंपनीलाही निघू शकते, आणि ती निघाली की कंपनीत तुमची पत गेली.

म्हणून पेमेंट येण्याआधी या मागणीचा निकाल लावा. पोर्टलवर ‘व्ह्यू अॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ मध्ये जाऊन डीआरसी-०७ उतरवून घ्या. तुमच्यासारखे कैक आदेश त्या टॅबमध्ये पडून राहतात, कारण सगळे नुसता ‘नोटिसेस’ टॅब बघतात. २०१९-२० साठी आधी कधी डीआरसी-०३ (स्वतःहून भरण्याचा फॉर्म) ने काही भरलं होतं का, ते तपासा. भरलं असेल तर ती रक्कम मागणीतून आपोआप वजा होत नाही, डीआरसी-०३ए भरून ती त्या आदेशाला जोडावी लागते. आता नव्याने भरायचं ते ‘पेमेंट टुवर्ड्स डिमांड’ मधूनच. पुन्हा डीआरसी-०३ केलंत तर पैसे जातील आणि दायित्व लेजरच्या भाग २ मध्ये मागणी तशीच उभी राहील.

त्यातला कर क्रेडिट लेजरमधून भरता येतो, व्याज आणि दंड रोखच. पण तुम्ही तिन्ही महिन्यांना रोख भरताय म्हणजे क्रेडिट शिल्लक नसणारच.

या मागणीला मात्र हप्ते मिळू शकतात. ती स्वतः कबूल केलेली नाही, २५ हजारांच्या वर आहे. मागच्या आर्थिक वर्षात कलम ८० चे हप्ते घेतलेले नसले आणि आधीचे चुकवलेले नसले की झालं. अर्ज डीआरसी-२० मध्ये, मंजुरी डीआरसी-२१ ने. कमाल २४ मासिक हप्ते, पण फर्मची अडचण कागदावर दाखवून १२ मागा, साधारण २३,७०० पडतात. लहान मुदत लवकर मंजूर होते. व्याज चालूच राहतं. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय. दुसरा पर्याय: खात्यातले १ लाख ९० हजार या मागणीत जाऊ द्या, वरचे ९४ हजार आणि आदेशानंतरचं व्याज भरून मोकळे व्हा. मला तरी हाच बरा वाटतो. हप्त्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत खातं अडकून पडलेलं परवडणार नाही.

भरल्यावर खातं आपसूक खुलत नाही. अधिकाऱ्याचं डीआरसी-१३ मागे घेतल्याचं पत्र बँकेत जावं लागतं, तेही कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून. शाखेत विचारून घ्या, पत्र शाखेला लागतं की त्यांच्या केंद्रीय कक्षाला. इथेच आठवडा जातो. १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम असतात, त्या दिवशी साहेब टेबलावर सापडतील असं धरून चालू नका.

---

जालना_लोखंडबाजार | ११ सप्टेंबर, दुपारी ३.२०

टीडीएसकडे कोणी बघेना. रक्कम लहान, पण दर सगळ्यांत जबर नसला तरी मोजण्याची पद्धत वाईट. कापून न भरलेल्याला महिन्याला दीड टक्का, आणि महिने देय तारखेपासून नाही, कापल्याच्या तारखेपासून, कॅलेंडर महिन्याने मोजतात. मे मध्ये कापलेले सप्टेंबरमध्ये भरले तर मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे ५ महिने. एप्रिलचे ६, मेचे ५, जूनचे ४: व्याज ७,२००. ३० तारखेला भरा नाहीतर १२ ला, व्याज तेवढंच. पण १ ऑक्टोबर उजाडला की आणखी एक महिना. विवरणपत्राला मात्र ३१ जुलैनंतर दिवसाला २०० रुपये चालू आहेत, २० सप्टेंबरला १०,२००. म्हणून चलन भरून विवरणपत्र लगेच टाका. खटल्याबाबत ऑक्टोबर २०२४ पासून सूट अशी आहे, की तिमाही विवरणपत्राच्या मुदतीत टीडीएस भरला तर कलम २७६बी लागत नाही. पहिल्या तिमाहीची ती मुदत गेलीय. जुलै ते सप्टेंबरची ३१ ऑक्टोबरला आहे, ती तरी पाळा. शिवाय ठेकेदाराला २६एएस मध्ये (कापलेल्या टीडीएसचा आयकर पोर्टलवरचा तक्ता) रक्कम दिसली नाही की तोच आधी दारात येतो.

सातबाऱ्याचं. होय, चढू शकतो. जीएसटी कायद्याच्या कलम ७९ मध्ये अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना प्रमाणपत्र पाठवू शकतो, मग ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. तहसीलमधून तलाठ्याकडे आदेश, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजाची नोंद. पीक कर्ज, विक्री, बक्षीसपत्र सगळं तिथे अडतं. भागीदारीत कलम ९० ने फर्म आणि प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार, त्यामुळे जमीन वैयक्तिक आहे ही सबब चालत नाही. सामाईक सातबारा असेल तर त्याच्या हिश्श्यापुरतंच. रक्कम भरल्यावर बोजा कमी करायला कार्यालयाचं पत्र तहसीलला नेऊन फेरफार करून घ्यावा लागतो. तो उगं आपोआप निघत नाही. वर्षानुवर्षं भरलेल्या रकमेचे बोजे सातबाऱ्यावर बसून असतात.

बाहेर पडणाऱ्या भागीदाराने निवृत्तीच्या तारखेपासून १ महिन्यात जीएसटी आयुक्तांना लेखी कळवायचं. त्या तारखेपर्यंतचीच जबाबदारी राहते, ठरवली नंतर गेली तरी. कळवलं नाही तर कळवेपर्यंतची सगळी त्याच्या डोक्यावर. भागीदारीनाम्यात ‘यापुढे माझा संबंध नाही’ लिहून भागत नाही. नोंदणीत भागीदार बदलणं हे वेगळं काम, तेही १५ दिवसांत करायचं असतं.

---

लातूरचा_पीएफवाला | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१५

ताईंचा साडेपाच लाखांचा मुद्दा पटला. पण एक अट घाला: मे आणि जूनची ३बी भरून ई-वे सुटलं की जुलैची ३बी भरण्याआधी मार्चचा पीएफ टाका. कंपनीने दोन कारणं दिलीत, जीएसटी आणि पीएफचं चलन. एकच सोडवून बिल निघणार नाही. मार्च आणि ऑगस्टची चलनं, आणि बाकी महिन्यांचं फर्मच्या लेटरहेडवर तारखांसह वेळापत्रक, एवढ्यावर बहुतेक कंपन्यांचा एचआर मान डोलावतो.

ईएसआयसी लहान म्हणून मागे टाकू नका. एप्रिल ते सप्टेंबर हा एक योगदान काळ आहे, तो संपल्यावर ४२ दिवसांनी, म्हणजे ११ नोव्हेंबरनंतर, त्या महिन्यांचं योगदान पोर्टलवर सरळ भरता येत नाही. मार्चचा काळ आधीच बंद झालाय, त्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करावा लागेल. व्याज १२ टक्के. खरी जोखीम वेगळी: योगदान न दिसल्याने कामगाराचा आजारपणाचा लाभ अडला, तर महामंडळ त्याला तो देऊन कलम ६८ खाली मालकाकडून वसूल करू शकतं, लाभाच्या रकमेतला फरक किंवा थकलेल्या योगदानाच्या दुप्पट, जे जास्त असेल ते.

---

वाळूज_हिशेबनीस | ११ सप्टेंबर, रात्री ९.५०

मग मांडणी अशी बसते. सोमवारपर्यंत ऑगस्टचा पीएफ-ईएसआयसी १,५१,९८०. त्याच दिवशी मे आणि जूनची ३बी, व्याज-शुल्कासह जास्तीत जास्त २,५२,०००. मग मार्चचा पीएफ १,२७,५००. टीडीएस व्याज-शुल्कासह १,१३,४००. इथपर्यंत ६,४४,९००, उरतात ५५ हजार. जुन्या मागणीला खात्यातले १ लाख ९० हजार आणि हे ५५. तरी चाळीस हजार आणि व्याज कमी पडतं. जुलैची ३बी ग्राहकाचे पैसे आल्यावर. चालेल?

---

रिटर्नवाली_ताई | ११ सप्टेंबर, रात्री १०.३५

चालेल, दोन बदल करून. मेचं व्याज आणि शुल्क जूनमध्ये दिसेल, जूनचं जुलैच्या ३बी मध्ये. म्हणजे आता २,४५,००० पुरतात. टीडीएसचं चलन २० ला न भरता २९ ला भरलं तरी व्याज तेच, फक्त विवरणपत्राचे ९ दिवसांचे १,८०० वाढतात. एवढ्या ९६ हजारांतून जुन्या मागणीचा फरक आधी मिटतो आणि खातं आठवडाभर लवकर सुटतं. मात्र ग्राहकाचं पेमेंट २९ च्या आत आलं नाही तरी टीडीएसचे पैसे भागीदाराकडून येतील, हे त्यांच्याकडून आजच वदवून घ्या. आणि ऑगस्टची ३बी २० सप्टेंबरला आहे. ती राहिली तर जुलै-ऑगस्ट सलग दोन होतात आणि ई-वे पुन्हा बंद. तेव्हा २० च्या आत निदान जुलैची भरलीच पाहिजे.

---

जालना_लोखंडबाजार | १२ सप्टेंबर, सकाळी ७.५५

व्यवसाय कर यादीत नाही. पगारातून २०० कापत असाल, फेब्रुवारीत ३००, तर पीटीआरसीचाही (कामगारांकडून कापलेल्या व्यवसाय कराचा) भरणा बघा. महिला कामगारांना २५,००० पर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून तो लागत नाही. कापला असेल तर परत द्यावा लागेल. आणि भागीदारांचा पीटीईसी (स्वतःचा व्यवसाय कर) वेगळा, वर्षाला प्रत्येकी २,५००.